भांगेचं शेत

सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं नवापूर स्टेशन दोन राज्यांत उभं आहे. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यात. उरलेला गुजरातेत, तापी जिल्ह्यात. सीमेवर एक बाक आहे. त्याच्या एका बाजूला महाराष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला गुजरात असं लिहिलेलं आहे. येणारेजाणारे त्यावर बसून फोटो काढून घेतात. या बाकावर ‘भांग’ हा शब्द उच्चारला, तर तो कुठल्या टोकाला बसून उच्चारला यावर त्याचा कायद्यातला अर्थ ठरतो. १९६० पर्यंत ही दोन्ही टोकं एकाच मुंबई राज्यात होती आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा दोन्हींना सारखाच लागू होता. त्या कायद्याने भांगेला मादक पदार्थांत धरलं. पुढे राज्यं वेगळी झाली, कायदा दोघांकडे राहिला. २०१७ साली गुजरात विधानसभेने मादक पदार्थांच्या व्याख्येतून भांग वगळली. महाराष्ट्रात ती अजून आहे. परवान्याशिवाय बाळगली तर गुन्हा होतो. आणि शहाद्याहून खेतियाला, म्हणजे मध्य प्रदेशात उतरलं की तिसरीच तऱ्हा: तिथे सरकारच भांगविक्रीचे ठेके देतं.

एका जिल्ह्याच्या तीन अंगांना एका शब्दाचे तीन अर्थ. झाड मात्र एकच, आणि ते परवान्याशिवाय लावणं तिन्हीकडे सारखाच गुन्हा.

हे शेवटचं वाक्य पुष्कळांच्या गळी उतरत नाही. शिकलेली, शहरात राहिलेली तरुण मुलं अगदी सरळपणे विचारतात: महाशिवरात्रीला भांग चालते, होळीला चालते, काशी-उज्जैनला दुकानांवर पाटी लावून मिळते, मग घरच्या कुंडीत एक रोप लावलं तर कुणाचं काय बिघडलं? प्रश्न खोडसाळ नाही. ‘भांग चालते’ या वाक्यातला ‘भांग’ आणि ‘भांगेचं रोप’ यातला ‘भांग’ एकच आहे, असं गृहीत धरून तो विचारलेला असतो. भाषेच्या दृष्टीने ते गृहीत चूकही म्हणता येत नाही. पण या दोन भांगा एकमेकींपासून फार पूर्वी वेगळ्या झाल्या. त्या कशा वेगळ्या झाल्या हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात शेतापासूनच करावी लागते, कारण संस्कृतात भांगेचं शेत होतं आणि त्याला स्वतंत्र नावही होतं. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात, पिकाच्या नावापासून शेताचं नाव कसं बनवायचं ते सांगितलं आहे. तिथे पाच पिकं एकत्र येतात: तीळ, उडीद, जवस, भंगा आणि अणु नावाचं एक बारीक धान्य. या पाचांना दोन-दोन रूपं चालतात. तिळाचं शेत ते तिल्य किंवा तैलीन, उडदाचं माष्य किंवा माषीण, जवसाचं उम्य किंवा औमीन. तसं भंगेचं शेत ते भङ्ग्य किंवा भाङ्गीन. वैयाकरणाला अशी रूपं सांगावी लागतात ती लोक बोलतात म्हणून. तिळाच्या आणि उडदाच्या वावराइतकंच भंगेचं वावर त्याच्या आसपास नेहमीचं असणार. आपण मराठीत उसाचा फड म्हणतो, भाताचं खाचर म्हणतो, खान्देशात कापसाचं वावर म्हणतो. भाङ्गीन हा त्या जातीचा शब्द आहे. त्याला ना धुराचा वास आहे, ना देवाचा.

अमरकोशातही भंगा शेतातच आहे. तिथे ती औषधांच्या वर्गात येत नाही, मद्याच्या संदर्भातही येत नाही. वैश्यवर्गात, म्हणजे शेती-व्यापाराच्या शब्दांत, जवसाला लागून तिचं नाव येतं आणि तिला मातुलानी असा दुसरा शब्द दिला जातो. मातुलानी म्हणजे मामीसुद्धा. या नात्याने पिकाच्या नावात कशी जागा मिळवली हा वेगळा शोध आहे. इथे महत्त्वाचा आहे तो शेजार. जवस तेलाचं आणि धाग्याचं पीक. भंगाही बियांचं आणि धाग्याचं. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात वनस्पतींची नावं घेताना दर्भ आणि यव यांच्याबरोबर भंगाचं नाव आहे. दर्भ गवत, यव धान्य.

आता त्याच अमरकोशात ‘गञ्जा’ हा शब्द शोधा. सापडतो, पण पुरवर्गात, गावातल्या इमारतींमध्ये. गञ्जा म्हणजे दारूचा गुत्ता. आज ज्याला आपण गांजा म्हणतो त्याच्याशी अमरसिंहाने या शब्दाचा काही संबंध लावलेला नाही. भंगा शेतात, गञ्जा वेशीच्या आत, मद्य विकणाऱ्याच्या घरी. पुढे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात आलो की चित्र पार बदललेलं दिसतं. भावमिश्र भङ्गा, गञ्जा, मातुलानी, मादिनी, विजया, जया ही सगळी नावं एकाच वनस्पतीची म्हणून एका दमात सांगतो. त्याच्याआधी शार्ङ्गधर या वैद्याने, पचण्याआधीच अंगभर पसरणाऱ्या द्रव्यांचं उदाहरण म्हणून भंगा आणि अफू शेजारीशेजारी ठेवली होती. म्हणजे मधल्या काळात भंगेचा शेजार बदलला. जवसाजवळून उठून ती अफूजवळ जाऊन बसली.

शब्दांच्या इतिहासात शेजार बदलणं ही मोठी घटना असते. भंगेच्या बाबतीत ती घडली याचं एक कारण मातीत आणि हवेत आहे. हे झाड थंड डोंगराळ मुलखात उंच, सरळ वाढतं आणि सालीचा चांगला धागा देतं. उष्ण मैदानात तेच झाड फांद्या फोडतं, खोड लाकडासारखं होतं, साल कमी धरतं आणि चिकट राळ जास्त देतं. त्यामुळे गढवाल-कुमाऊंत भांग शेवटपर्यंत धाग्याची राहिली. तिच्या सालीपासून विणलेल्या जाड कापडाला तिथे भंगेला म्हणतात, आणि भाजलेल्या बियांची चटणी तिथल्या घरात रोजची आहे. बियांत नशा नसते. (त्याच डोंगरात भंगजीरा नावाचंही एक पीक आहे. त्याचं नाव ऐकून फसू नये; ते झाड तुळशीच्या कुळातलं आहे.) दख्खनला आणि खान्देशला मात्र दोरासाठी भांगेची गरजच पडली नाही. इथे ताग होता, अंबाडी होती, बांधावरचं केकताड होतं. मग भांगेच्या काडीकडे कोण बघणार? पानाकडे लक्ष गेलं, आणि मराठीत भांग म्हणजे पान, वाटलेला गोळा, दुधात घोटलेलं पेय एवढाच अर्थ उरला. ‘भांग पेरली’ असं मराठी माणूस सहसा म्हणत नाही. भांग पितात, भांग घोटतात, भांग चढते. पेरणं, निंदणं, कापणं ही क्रियापदं तिला सोडून गेली.

याला मराठीतलाच एक अपवाद आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो: भांगेत तुळस आणि तुळशीत भांग. वाईट घरात चांगलं माणूस निपजावं किंवा उलट व्हावं, त्याला हे म्हणतात. ही म्हण केवळ पेय ठाऊक असलेल्या माणसाच्या तोंडून निघणं शक्य नाही. तिच्यात दोन झाडं जमिनीतून वर आलेली दिसतात. एकाच्या ताटव्यात दुसरं आपोआप रुजलं आहे आणि निंदणाऱ्याला ते ओळखू येतं. भांगेचं शेत मराठीने विसरलं, पण त्या शेताची एवढी एक खूण म्हणीत शिल्लक राहिली.

‘भांग’ या उच्चाराचे मराठीत दोन शब्द आहेत हेही इथेच सांगून टाकतो, कारण शाळेतल्या मुलांना हा प्रश्न हमखास पडतो. केसांचा भांग पुल्लिंगी: भांग पाडला, भांग वाकडा गेला. तो भङ्ग म्हणजे तुटणं, दुभंगणं यातून आला; अभंग, दुभंग, भंगार ही त्याचीच मंडळी. झाडाची भांग स्त्रीलिंगी: भांग चढली. संस्कृत भङ्गाही स्त्रीलिंगीच. काडी मोडून, ठेचून धागा काढायचा म्हणून ‘भञ्ज्’ धातूवरून भङ्गा, अशी व्युत्पत्ती सांगणारे आहेत. इराणातल्या अवेस्ताच्या भाषेत त्याला मिळताजुळता बंघ शब्द आहे, फारसीत बंग आहे, म्हणून हे नाव संस्कृतच्या घडणीपेक्षा जुनं मानणारेही आहेत. लिंगाचा आणखी एक खेळ पाहा. या झाडात नर आणि मादी वेगळी असतात. गांजा मिळतो तो मादी झाडाच्या फुलोऱ्यातून, आणि मराठीत तोच शब्द पुल्लिंगी.

गांजाशी उच्चाराने जवळ असणाऱ्या शब्दांपासूनही सांभाळून राहावं. गांजणे, गांजलेला, रंजलेगांजले यांचा गांजाशी काही संबंध नाही. तिथला धागा संस्कृतातल्या गञ्जन, म्हणजे अवहेलना, या शब्दाकडे जातो. गवताची गंजी आणि लोखंडाचा गंज हेही परके. पण गांजेकस हा मात्र खरा घरचा शब्द, आणि त्याची घडण बघण्यासारखी आहे. त्यातला ‘कस’ म्हणजे फारसी ‘कश’, ओढणारा. तर्कश म्हणजे बाण ठेवायचा भाता, मेहनतकश म्हणजे कष्ट उपसणारा, आणि विडीचा कश तर आपण रोज ऐकतो. भांगेला ‘कश’ लागत नाही, कारण ती ओढत नाहीत. तिचा व्यसनी तो भंगड. प्रत्ययावरूनच कळतं की एक पदार्थ ओढायचा आणि दुसरा प्यायचा. सरकारी व्याख्येच्या कितीतरी आधी भाषेने ही वर्गवारी पक्की केली होती.

भांग, गांजा आणि चरस या तिघांतला चरस सगळ्यात बाहेरचा. एकोणिसाव्या शतकात तो यारकंदहून लेहमार्गे घोड्या-याकांवर लादून हिंदुस्थानात यायचा. हिंदी-राजस्थानीत विहिरीतून पाणी काढायच्या चामड्याच्या मोटेलाही चरस म्हणतात. दोन्ही शब्द एकच का, यावर बरीच शाई खर्च झाली आहे.

या साऱ्या गोंधळाचा एक उत्तम साक्षीदार आपल्याच किनाऱ्यावर बसला होता. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि गोव्यात राहिला. तिथेच १५६३ साली त्याचा इथल्या औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ छापला गेला. त्यात ‘बंगे’ या नावाने भांगेवर एक पूर्ण संवाद आहे. संवादातला पाहुणा विचारतो, हे म्हणजे आपल्याकडचं दोराचं झाडच ना? ऑर्ता ठामपणे नाही म्हणतो. याचं बी लहान आहे, तितकं पांढरं नाही. याच्या काडीत लाकूड जास्त, साल कमी. आपल्याकडे उलट असतं. निरीक्षण अचूक, निष्कर्ष चुकलेला. झाड एकच होतं, हवा वेगळी होती. युरोपात ज्याच्यापासून शिडाचं कापड आणि जहाजाचे दोर होत, तेच झाड या मातीत एवढं बदललं की मायदेशी ते पाहिलेल्या वैद्यालाही ओळखता आलं नाही. शिडाच्या कापडाचं कॅनव्हास हे नाव कॅनाबिसवरूनच आलं आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे या न ओळखण्याचं महत्त्व कळतं.

ऑर्ताने कृतीही दिली आहे ती खाण्याची: पानांची पूड, त्यात सुपारी, कुणी जायफळ-जायपत्री, कुणी लवंग, कापूर, श्रीमंत असेल तर अंबर आणि कस्तुरी. त्याच्या घरचे नोकर चोरून घेत. कामाचा शीण जाणवत नाही आणि भूक लागते, असं त्यांनी मालकाला सांगितलं. आणि त्याने एका राजाचीही गोष्ट दिली आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा पोर्तुगीज सेनापती मार्तिम अफोन्सो द सोझाला म्हणाला होता की, रात्री मला पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण बघून यावंसं वाटलं तर थोडी भांग घेतली की पुरे. हा बहादूरशहा १५२६ ते १५३७ गुजरातच्या गादीवर होता, आणि त्या काळात नंदुरबार आणि सुलतानपूर हा मुलूख गुजरातच्याच सुलतानांकडे होता. खान्देशच्या फारुकींकडे तो नंतर आला. म्हणजे भांगेविषयी युरोपीय भाषेत छापलेलं सगळ्यात जुन्यांपैकी एक वाक्य नंदुरबारच्या तेव्हाच्या धन्याचं आहे.

युरोपीय लोक पुढे नीट झाडं ओळखू लागले, पण शब्दांचा घोळ त्यांनीच वाढवला. धागा देणारं जे जे दिसलं त्याला त्यांनी हेम्प म्हटलं. आपला ताग तो सन हेम्प किंवा बॉम्बे हेम्प. त्यातला सन म्हणजे आपला सण. अंबाडी ती डेक्कन हेम्प. अंबाडीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे भांगेसारखी दिसणारी जास्वंद. अंबाडीचं मोठं पान हातात घेऊन बघा. पाच-सात लांबट खंड, प्रत्येकाची कड करवतीसारखी. भांगेच्या पानातही तेच, फरक इतकाच की तिथे प्रत्येक खंड देठापर्यंत सुटा असतो आणि अंबाडीत ते तळाशी जोडलेले असतात. अंबाडीच्या खोडाला बारीक काटे लागतात, पिवळं फूल येतं, आणि पान तोंडात टाकलं तर आंबट लागतं. नंदुरबारच्या आठवडी बाजारात पावसाळ्यात अंबाडीच्या जुड्या मिळतात, भाकरीबरोबर भाजी होते, लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसला या निरुपद्रवी भाजीत भांग दिसली ती केवळ पानामुळे. त्यानेच १७५३ साली भांगेला कॅनाबिस सॅटिव्हा नाव दिलं. सॅटिव्हा म्हणजे पेरलेली. भाताच्या आणि कोथिंबिरीच्या शास्त्रीय नावातही हाच शब्द आहे. मराठीने भांगेपासून जे पेरणं काढून घेतलं, ते लॅटिनने तिच्या नावातच ठेवलं.

आता कायदा. १८९३ साली इंग्रज सरकारने या विषयावर एक मोठा आयोग नेमला. त्याचा अहवाल सात खंडांचा, साक्षीदार हजाराहून जास्त. या आयोगापुढे भांग, गांजा आणि चरस हे तीन देशी शब्द तीन वेगळ्या वस्तू म्हणून आले: पान, फुलोरा, राळ. बंगालात राजशाहीकडे नौगाव आणि आपल्या खान्देशाला लागून निमाडात खंडवा, ही गांजाच्या सरकारी देखरेखीखालच्या शेतीची ठिकाणं तेव्हा गाजलेली होती. इथेच ‘शेत’ हा शब्द भांगेकडून गांजाकडे गेला असं मला वाटतं. परवाना गांजाच्या शेताचा, कर गांजावर, गोदाम गांजाचं. भांगेला शेत लागत नसे. उत्तरेकडे ती नदीकाठी, उकिरड्यावर आपोआप उगवे. आजही वर्तमानपत्रात मथळा येतो तो ‘गांजाची शेती’ असा; ‘भांगेची शेती’ असा मी वाचलेला नाही. पाणिनीचं भाङ्गीन अशा रीतीने दुसऱ्याच्या नावावर चढलं.

आजचा कायदा १९८५ चा. मराठीत त्याचं नाव लांबलचक आहे: गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम. बोलताना सगळे एनडीपीएस म्हणतात. या कायद्यातली व्याख्या शब्दांच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावी. चरस म्हणजे झाडापासून वेगळी केलेली राळ. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे, मग ते कुठल्याही नावाने ओळखले जावोत. शेंड्यांशिवाय असलेली पानं आणि बिया यातून वगळलेल्या. भांग हा शब्दच व्याख्येत नाही. तो नाही म्हणून पानाची भांग केंद्राच्या कायद्याबाहेर राहिली आणि राज्याराज्यांच्या अबकारी कायद्यांकडे गेली. नवापूरच्या बाकाची दोन टोकं त्यातूनच निर्माण झाली.

पण याच कायद्यात पुढची ओळ झाडाची आहे. कॅनाबिस प्रजातीतलं कुठलंही झाड. तिथे पान-शेंडा भेद नाही, नर-मादी नाही, भांग-गांजा नाही. परवान्याशिवाय ते लावणं आठव्या कलमाने मना, आणि विसाव्या कलमाने शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. लागवडीच्या गुन्ह्यात किती झाडं हा प्रश्न विचारलेला नाही. कुंडीतलं एक रोपही त्यात बसतं. ‘भांग चालते’ हे वाक्य पानापुरतं, तेही काही राज्यांत, खरं आहे. त्याच्या जोरावर कुंडीत बी टोचणारा माणूस एका शब्दावर विसंबून दुसऱ्याच कलमात जाऊन पडतो. घरी झाड लावू बघणाऱ्या नवशिक्याला मी कळवळून सांगतो: विजया म्हणा, शिवबूटी म्हणा, सब्जी म्हणा, सिद्धी म्हणा, नाव बदलल्याने झाड बदलत नाही, आणि कायदा बघतो ते झाड.

सातपुड्यात ही गोष्ट कुंडीपुरती राहत नाही. शिरपूरपासून धडगावपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात कापसाच्या, तुरीच्या किंवा मक्याच्या आड लावलेली झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. त्यांच्या पंचनाम्याची भाषा ठरून गेलेली असते: हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, काड्या, बिया असलेला ओला गांजा, अमुक किलो. या वाक्यातल्या ‘गांजा’ या शब्दाला किती वजन आहे ते पाहा. गांजाची एक किलोपर्यंतची मात्रा अल्प, वीस किलोच्या वर व्यापारी. व्यापारी ठरली की किमान दहा वर्षं, कमाल वीस, आणि जामीन जवळजवळ अशक्य. उभं झाड मुळासकट, मातीसकट, ओलं तोलून त्याला सरसकट ‘गांजा’ लिहिलं, तर काही झाडांतच वीस किलोचा आकडा पार होतो. व्याख्येप्रमाणे गांजा मात्र फक्त शेंडा. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात जामीन देताना नेमका हाच मुद्दा धरला होता: पानं, बिया, देठ शेंड्यांसह होते की नाही हे स्पष्ट नसेल तर सगळ्याला गांजा म्हणून तोलता येत नाही. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या, मराठी पंचनाम्यावर अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्याला हा भेद कुणी समजावून सांगतं का, याची मला काळजी वाटते. ज्याच्या जमिनीत झाड आहे त्याने, आणि सरपंचापासून गावकामगारापर्यंत प्रत्येकाने, माहिती होताच कळवलं पाहिजे असंही कायदा सांगतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हे कलम त्यांच्या बोलीत वाचून दाखवायला हवं.

देवाच्या नावाने या झाडाला जी सूट मिळते तिच्याबद्दल एकच सांगतो. तोरणमाळला महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते, सातपुड्याच्या तिन्ही राज्यांतून माणसं चढून येतात, जोगी धुनी लावून बसतात आणि चिलमीला ओली छापी गुंडाळली जाते. गोरखनाथांच्या नावावर असलेल्या गोरखबानीत मात्र भांग खाणाऱ्याचं ज्ञान आणि ध्यान दोन्ही जातं, असा स्पष्ट निषेध आहे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला: कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, मला दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्यावी. अर्ज पोलिसांकडे पाठवला गेला आणि प्रसिद्धीसाठीचा प्रकार म्हणून बाजूला पडला. त्या माणसाचं दुःख खरं होतं, पण अर्जात शब्द ‘गांजा’ होता, आणि त्या शब्दाने अर्जाचा निकाल वाचायच्या आधीच लावला. एनडीपीएस कायद्याच्याच चौदाव्या कलमात केवळ धागा किंवा बी मिळवण्यासाठी, औद्योगिक उपयोगाला, ही लागवड सरकार परवानगीने करू देऊ शकतं अशी तरतूद आहे. उत्तराखंडने २०१८ साली त्याखाली परवाने द्यायला सुरुवात केली. अट अशी की झाडातलं टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य ०.३ टक्क्यांच्या आत हवं. २०२१ च्या अखेरीस देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेचं बी, त्याचं तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं.

या पिकाला मराठीत सध्या ‘हेम्प’ म्हणतात. ज्या शब्दाने ताग, अंबाडी आणि भांग एकाच गाठोड्यात बांधली, तोच पुन्हा उसना आणायचं कारण नाही. धाग्याच्या आणि बियांच्या या पिकाला ‘भंगा’ म्हणावं असं माझं मत आहे. भांग म्हणजे पान, गांजा म्हणजे शेंडा, चरस म्हणजे राळ हे अर्थ लोकांच्या तोंडी बसलेले आहेत, ते तसेच राहोत. जवसाशेजारच्या पिकाचं नाव मात्र मोकळं आहे. नंदुरबारचा एखादा शेतकरी उद्या कृषी कार्यालयात गेला आणि त्याने गांजाबद्दल विचारलं तर समोरचा माणूस उठून दार लावून घेईल, भांगेबद्दल विचारलं तर हसेल. भंगा, धाग्याचं पीक, कलम चौदा, असं म्हणाला तर निदान त्याला बसायला सांगून विचारतील की बी कुठून आणणार आणि टीएचसी कोण तपासणार.